सकाळचं औषध

मोट जुंपायच्या आधी तुळसाबाई मुलाला औषध द्यायची. उजाडता उजाडता सून पंचफुला घागर घेऊन विहिरीवर गेली, की म्हातारी तुरीच्या कणगीमागून शिशी काढायची, पितळी पेल्यात थोडं ओतायची आणि इंद्रभानच्या पुढं धरायची. तो दोन्ही हातांनी पेला धरी, तरी त्याचे दात पेल्याच्या काठावर वाजत. डोळे मिटून तो गिळून टाकी आणि भिंतीला टेकून बसे. मग हळूहळू त्याच्या हातांची थरथर थांबे, कपाळावरचा घाम वाळे आणि तो बैल सोडायला उठे.

औषध हे नाव म्हातारीनंच ठेवलं होतं. दारू म्हटलं असतं तर तिच्या हातून ती ओतली गेली नसती. कुंकू पुसल्यापासून तिनं लसूणसुद्धा सोडला होता, आणि मोहाची दारू कणगीमागं ठेवायची म्हणजे काय ते तिचं तिलाच ठाऊक. पण मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी इंद्रभानला कासरा धरवेना. हात असे कापत होते, की बैलांना कळेना पुढं जायचं की मागं. वांग्याचे वाफे तीन दिवसांचे तहानलेले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्याला घोटभर द्या म्हणजे हात थांबेल. तिनं दिली, हात थांबला, पाणी पाटाला लागलं आणि संध्याकाळपर्यंत वांगी ताठ झाली. त्या दिवसापासून इंझोरीबाहेरचा तो मळा त्या पेल्यावर भिजत होता.

शिशी ती स्वतः भरून आणायची. भाजीची पाटी घेऊन गावात जाताना गुत्त्याच्या मागल्या दाराशी थांबायची, तिथल्या गड्याला चांगली कोवळी वांगी द्यायची आणि पाटीत फडक्याखाली शिशी घालून परतायची. म्हातारीवर कोण संशय घेणार? बाजाराच्या संध्याकाळी नवरा पिऊन येतो, एवढंच पंचफुलाला माहीत होतं. सकाळचं तिला माहीत नव्हतं. नवऱ्याला सकाळी उशिरा जाग येते म्हणून ती कुरकुरायची, आणि म्हातारी खाली मान घालून चूल फुंकायची.

यंदा चैत्रातच विहीर खाली गेली. मोट तळाला टेकल्याचा आवाज वर ऐकू यायचा. दिवसभर हाकावी तेव्हा निम्मा मळा भिजे, आणि तो निम्मा दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड वासून बसे. इंद्रभानला दिवसभर पुरायला सकाळचा पेला अपुरा पडायला लागला होता, हे म्हातारीला दिसत होतं. ती रोज थोडं जास्त ओतत होती, आणि जास्त ओतते आहे हे स्वतःला सांगत नव्हती.

त्या सकाळीही तिनं जास्त ओतलं. इंद्रभान मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर बसून धावेच्या उतारानं बैल खाली नेई तेव्हा मोट वर येई, पाणी थारोळ्यात पडे, आणि मग बैलांना उलट्या पावली विहिरीकडं न्यावं लागे. हे उलटं चालवणंच खरं काम. बैलाला मागचं दिसत नाही. हाकणाऱ्यानं कासरा केव्हा सैल सोडायचा, यावर त्याचा जीव. इंद्रभाननं कासरा ओढला आणि ओढतच राहिला. डाव्या बैलाचा मागचा खूर काठाच्या दगडावरून सटकला आणि पाय आत लोंबकळला. बैल हंबरला. पंचफुला वाफ्यातून फावडं टाकून धावत आली, बैलाच्या शिंगांना लोंबकळून तिनं त्याला पुढं ओढलं, आणि म्हातारीनं खालून आरडाओरड करून दुसऱ्या बैलाला पुढं घेतलं. खूर वर आला. पोटरीचं कातडं सोलून निघालं होतं आणि त्यातून रक्त धावेच्या मातीत ठिबकत होतं.

इंद्रभान तिथंच उभा होता. कासरा अजून त्याच्या हातात होता.

पंचफुलानं बैलाच्या पायाला हळद लावली, चिंधी बांधली, आणि मग नवऱ्याकडं न बघता सासूला सांगितलं.

"आत्याबाई, म्या कामरगावले सांगावा धाडला हाय. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दादा बंडी घेऊन येऊन राह्यला. म्या पोरीले घेऊन जातो. आज बैल वाचला. उद्या हे जातीन नाहीतर म्या जाईन, अन् पोरगी पाह्यत राहीन."

ती रडून म्हणाली असती तर म्हातारीनं तिला समजावलं असतं. पण ती रडत नव्हती. पायाला बांधायची चिंधी उरली होती ती घडी करत होती.

बाजाराला चार दिवस होते. तेवढ्यात म्हातारीनं जे जे सुचेल ते केलं. महादेवाला दही-भात लिंपला, मुलाच्या उशाखाली लिंबू ठेवलं, आणि सकाळी पेला देणं मात्र थांबवलं नाही, कारण भेंडी फुलावर होती.

बाजारात तिच्या शेजारी जमनाबाई लाकडाच्या मोळ्या घेऊन बसायची. जमनाबाई जवळच्या तांड्यावरची, बंजारा बाई, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. म्हातारीची वांगी त्या दिवशी कुणी उलटून बघेना, कारण तिचं लक्षच गिऱ्हाइकाकडं नव्हतं. जमनाबाईनं काय झालं म्हणून विचारलं. म्हातारीनं आधी उन्हाला दोष दिला, मग बैलाच्या पायाला, आणि मग एकदम सगळं बोलून गेली. फक्त सकाळच्या पेल्याचं तेवढं गिळलं.

जमनाबाई म्हणाली, तिचा नवरा रूपला असाच होता. आता बाजाराच्या सांजेला नाल्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसतो. सात-आठ माणसं असतात, सगळी दारू सोडलेली किंवा सोडू बघणारी. अंबाडीचे दोर वळतात आणि दिवे लागले की आपापल्या घरी जातात.

कोणता महाराज आहे, म्हणून म्हातारीनं विचारलं. भस्म देतो की ताईत? काय घेतो?

"म्हाराज कोठचा, बाई? आमचा सेवादास हाय. तोई पेत व्हता, नाल्यात पडून राह्ये. काही देत नाई अन् काही घेत नाई. नुसते बसतात."

नुसतं बसून माणूस सुधारला असता, तर गावातले निम्मे लोक देव झाले असते, असं म्हातारीच्या मनात आलं. पण तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. उरलेली वांगी तिनं जमनाबाईच्या पदरात टाकली आणि घरी आली.

इंद्रभानला तिनं सरळ सांगितलं. तो ओट्यावर बसून बाजारात जायची वाट बघत होता. आधी हसला, मग चिडला. मला काय वेड लागलंय लोकांत बसून रडायला, म्हणाला. शेवटी त्यानं तिच्याशी सौदा केला. शिशी सोबत घेशील तर येतो, म्हणाला. हात कापायला लागले तर वाटेत घोटभर द्यायची. म्हातारीनं शिशी लुगड्याच्या ओच्यात खोचली. वरून एक नारळ आणि बेलाची पानं घेतली. जिथं शपथ घ्यायची तिथं बेल लागतोच, असा तिचा हिशेब.

अडचण अशी होती, की नाल्याकडं जायची वाट आणि गुत्त्याकडं जायची वाट एकच. बाजाराच्या दिवशी सांजेला त्या वाटेनं चालणारा माणूस कुठं निघालाय, हे कुणाला विचारावं लागत नसे. आणि आज आई पुढं, मुलगा मागं अशी जोडी त्या वाटेनं निघाली होती. रंगराव गावातला सुखवस्तू माणूस, ओट्यावर अडकित्ता घेऊन बसलेला. त्यानं दोघांना बघितलं आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय व तुळसाबाई, पोराले पोचवून देऊन राह्यली काय? एकट्याले वाट सापडत नाई?"

चार लोक हसले. एरवी म्हातारी रंगरावाला पुरून उरली असती. त्याच्या बापाच्या वेळच्या गोष्टी तिला पाठ होत्या. पण आज खरं सांगितलं असतं तर लोक आणखी हसले असते, आणि ओच्यातली शिशी तिच्या कमरेला टोचत होती. ती तशीच पुढं गेली. मागं इंद्रभानची पावलं मंद झालेली तिला ऐकू येत होती.

गुत्त्यासमोरही एक चिंच होती. तिच्याखाली माणसं बसली होती, आणि क्षणभर म्हातारीला वाटलं, हीच ती. मग पळसाच्या पानांवरचे चणे दिसले, वास आला. त्यातल्या दोघांनी इंद्रभानला नावानं हाक मारली. एकानं तर सरकून जागा केली. इंद्रभान थांबला. त्याचं तोंड आईकडं होतं, पण पाय तिकडं वळले होते.

म्हातारी त्याला ओढू शकली नसती. ती थकली होती. आजचीच नाही, तो पहिल्यांदा पिऊन आला आणि तिनं शेजारणीला ताप आलाय म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून थकली होती. ती वाटेतच खाली बसली, फुफाट्यात.

"जा तू," ती म्हणाली. "जाऊन ये. म्या अथीच बसतो. मले आता उठवत नाई."

चिंचेखालचे लोक बघत होते. वाटेनं येणारी एक बंडी तिला वळसा घालून गेली. इंद्रभान थोडा वेळ दोन्हीकडं बघत उभा राहिला. मग परत आला, तिच्या बगलेत हात घातला आणि तिला उठवलं. लुगड्याची धूळ झटकली. त्याचा हात कापत होता, आणि तो घोट मागेल म्हणून ती वाट बघत होती. त्यानं मागितला नाही. दोघं नाल्यात उतरले.

पलीकडची चिंच जुनी, बुंध्यात पोकळ झालेली. तिच्याखाली सात-आठ माणसं गोल करून बसली होती, आणि मधे भिजवलेल्या अंबाडीचा ढीग. भजन नव्हतं, टाळ नव्हता. कुणी मांडीवर तंतू वळत होतं, कुणी पायाच्या अंगठ्यात पेड अडकवून पीळ देत होतं. पागोटं सोडून मांडीशी ठेवलेला एक उंच म्हातारा होता, तो सेवादास. त्यानं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. थोडा सरकला आणि अंबाडीची मूठ इंद्रभानपुढं टाकली.

"बस. हे धर."

इंद्रभान बसला. म्हातारी बायकांच्या रीतीनं जरा दूर, बांधाला टेकली. इंद्रभान वळायला लागला, पण त्याचा पेड कुठं मनगटाएवढा जाड तर कुठं सुतळीएवढा बारीक येत होता. त्यानं तो उसवायला घेतला. लहानपणापासून दोर वळलेला माणूस, त्याला लाज वाटली.

"उसवू नको," सेवादास म्हणाला. "राहू दे तसाच. सगळ्याइचा पह्यला दोर असाच असते. पुढं जोड."

बाकीचे आपापलं बोलत होते. जमनाबाईचा रूपला म्हणाला, लाकडाच्या ठेकेदारानं आज सगळ्या गड्यांना पाजली, म्हणून तो मजुरी न घेताच निघून आला आणि आता उद्या पुन्हा जावं लागेल. पुंजाजी नावाचा कुणबी म्हातारा होता, त्यानं दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. तो म्हणाला, रानात मोह गळायला लागलाय, वारा तिकडून आला की रात्री झोप लागत नाही, या वयातसुद्धा. त्यावर कुणी त्याला उपदेश केला नाही. एकानं नुसतं हूं केलं आणि पेड पुढं सरकवला.

तुळसाबाईला हे काही उमजेना. हा कसला उपाय? ना शपथ, ना अंगारा. दिवस मावळत चालला होता आणि उद्या बंडी येणार होती. ती उठून पुढं आली, नारळ मधे ठेवला आणि बेलाची पानं इंद्रभानपुढं धरली. उचलू द्या याला बेल, म्हणाली.

सेवादासनं इंद्रभानला विचारलं, यापूर्वी किती खेपा उचलला. इंद्रभान बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"आमी सगळ्याइनं उचलला हाय, बाई," सेवादास म्हणाला. "त्या महादेवाले आता आमची वळख झाली. ठेवा तो बेल." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. पुंजाजी मात्र जरासा हसला, आणि आश्चर्य म्हणजे इंद्रभानही हसला. मग सेवादासनं पीळ देता देताच विचारलं, "सांजची कोठी भेटते ते मले ठाव हाय. सकाळची कोन देते तुले?"

इंद्रभानचे हात थांबले.

"कोनी नाई. मीच घेतो."

"कोठी ठेवतं?"

"बाभळीच्या ढोलीत."

"घरी कोनाले ठाव हाय?"

"कोनाले नाई," इंद्रभान म्हणाला. "माह्या मायले बी नाई."

तुळसाबाईनं त्याची खोटी आजवर हजार ऐकली होती. कुठं गेलता, किती घेतली, पाटीतली वांगी कुठं गेली. ती सगळी स्वतःला सोडवायला बोललेली. हे पहिलंच खोटं त्यानं तिच्यासाठी बोललं होतं, आठ परक्या माणसांसमोर, कापत्या हातांनी. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि ती लाज रंगरावाच्या ओट्यासमोर वाटली त्यापेक्षा कितीतरी मोठी होती.

तिनं ओच्यातून शिशी काढली आणि नारळाशेजारी ठेवली.

"तो खोटं बोलते," ती म्हणाली. "म्या देतो. मोट चालावी म्हून देतो. मागच्या उन्हाळ्यापासून रोज."

शिशीकडं बघायचं नाही म्हणून रूपला मान वळवून नाल्याकडं बघायला लागला. सेवादासनं तिला काही बोल लावला नाही, याचंच म्हातारीला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. त्यानं एवढंच सांगितलं, की ही आम्ही कुणी हातात धरणार नाही, तुम्हीच ओतून टाका.

तिनं बूच काढलं. त्या शिशीत किती वांगी गेली होती ते तिचा हात जाणत होता, आणि आयुष्यात तिनं ताकाचं पाणीसुद्धा फेकलं नव्हतं. हात तिरका होईना. मग झाला. माती तापलेली होती, वास एकदम वर आला. एक माणूस उठून नाल्यापर्यंत गेला आणि थोड्या वेळानं ओल्या तोंडानं परत येऊन बसला. इंद्रभान डबक्याकडं टक लावून बघत होता. माती ते पिऊन कोरडी होईपर्यंत त्यानं नजर काढली नाही.

"उद्याची सकाळ लय वाईट जाईन," पुंजाजी म्हणाला. मग त्यानं बैलांचं विचारलं. काठावरून खूर सटकल्याचं ऐकल्यावर म्हणाला, त्याच्या भावानं त्याच्यासाठी एक उन्हाळा असं केलं होतं. जुवाला दोर बांधायचा, दुसरं टोक धावेच्या तळाशी बाभळीला. दोर काठाच्या अलीकडं ताठ झाला पाहिजे, म्हणजे हाकणाऱ्याची शुद्ध गेली तरी बैल तिथून मागं जात नाही. मात्र बैल खाली आले की दोर पायात येतो, म्हणून बाभळीपाशी एक माणूस लागतो. बैल आले की दोर ओढून घ्यायचा, मागं निघाले की सोडायचा. दिवसभर.

सेवादासनं त्या दिवशीचा दोर गुंडाळून इंद्रभानच्या खांद्यावर टाकला. आठ जणांनी वळलेला, आणि मधे एका ठिकाणी इंद्रभानचा तो खडबडीत तुकडा.

सकाळ पुंजाजीनं सांगितल्याहून वाईट निघाली. इंद्रभान झोपडीमागं जाऊन ओकत होता. पोटात काही नव्हतं, तरी ओकत होता. अंगाला घाम आणि थंडी भरल्यासारखे दात वाजत. भिंतीला धरत धरत तो दाराशी आला. पंचफुला तिथंच पोरीची वेणी घालत होती, ते त्याला दिसलंच नसावं.

"माय," तो म्हणाला, "औषध दे व. थोडंसंच."

"नाई राह्यलं."

"जाऊन घेऊन ये. तुह्या पाया पडतो."

पंचफुलाचा हात वेणीत थांबला. "कोनतं औषध, आत्याबाई?"

तुळसाबाईनं तिला सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कणगी, शिशी, गुत्त्याचं मागलं दार. पंचफुला शेवटपर्यंत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पोरीची वेणी पुरी केली, कपड्यांचं गाठोडं दाराशी आणून ठेवलं, फावडं उचललं आणि वाफ्यांकडं गेली. म्हातारीला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंद्रभाननं मोट जुंपली. जखमी बैल लंगडत होता, पण चालत होता. नाड्यावर बसताना इंद्रभान एकदा घसरून पडला आणि पुन्हा बसला. दोराचं एक टोक जुवाला, दुसरं बाभळीला, आणि बाभळीपाशी बुंध्याला पाठ लावून तुळसाबाई. बैल उतरून आले की ती दोर हातावर ओढून घेई, बैल उलटे चढायला लागले की सोडत जाई. दोर मनगटावरून सरपटत जायचा. खडबडीत तुकडा आला की तिला न बघता कळायचं.

एकदा इंद्रभानचे डोळे फिरले आणि कासरा ताणलेलाच राहिला. बैल मागं मागं गेले. दोर ताठ झाला, बाभूळ करकरली, आणि बैल काठाच्या एक हात अलीकडं थांबले. इंद्रभान नाड्यावर ओणवा होऊन हुंदके देत होता. म्हातारीला त्याच्याजवळ जायचं होतं, पण दोर सोडून तिला जाता येत नव्हतं. तिनं बसल्या जागेवरून हाक दिली.

"हाक, बाप्पा. पानी तोडू नको."

त्यानं हाकलं.

ऊन तापायला लागलं तेव्हा कामरगावची बंडी आली. पंचफुलाचा भाऊ शालिकराम, अबोल आणि रागीट. बांधाशी बंडी उभी करून तो तसाच धुरेवर बसून राहिला. गाठोडं दाराशी दिसतच होतं. त्यानं बहिणीला हाक मारली, ऊन डोक्यावर यायच्या आत निघू, कारंज्याला मुक्काम करू. तुळसाबाईच्या कानात तेवढं एकच वाक्य शिरलं. इंद्रभाननंही ऐकलं होतं. तो धावेच्या वर थांबला होता आणि इकडंच बघत होता.

पंचफुला कांद्याच्या वाफ्यात घोटाभर चिखलात उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"पानी चालू हाय, दादा," ती म्हणाली. "मोट थांबली की निघू."

इंद्रभाननं बैल खाली घातले.

कांदा भिजला. वांगी भिजली. रोज बैल सोडायची वेळ झाली आणि टळली. मोट आता अर्धीच भरून येत होती, गढूळ, कधी नुसता गाळ. तुळसाबाईच्या तळव्यांचं कातडं निघालं होतं, पदराचा बोळा धरून ती दोर सोडत होती आणि ओढत होती. तिला तहान लागली होती, पण ती उठली असती तर मोट थांबली असती. इंद्रभान प्रत्येक खेपेला खाली आला की तिच्याकडं बघे. चेहरा राखेसारखा, ओठ फुटलेले. थांबू का, म्हणून विचारायची त्याची छाती होत नव्हती, आणि थांब म्हणायची तिची.

भेंडीचा शेवटचा वाफा भरला. त्या दिवसाच्या पाळीतलं भिजवायचं काही उरलं नाही. पंचफुला फावडं टेकून उभी राहिली. तिनं भावाकडं बघितलं, दाराशी खेळणाऱ्या पोरीकडं बघितलं, मग धावेकडं. लंगडा बैल, दोर, बाभळीखालची म्हातारी. म्हातारीनं दोर तसाच धरून ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

भेंडीपलीकडं एक वाफा होता, दोन वर्षं पडीत. त्यात काही पेरलेलं नव्हतं, तणसुद्धा वाळून गेलं होतं. फावड्याचा आवाज झाला तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले. पंचफुलानं पाटाचा बांध फोडला होता, आणि पाणी त्या रिकाम्या वाफ्यात चाललं होतं. भेगांमध्ये शिरत होतं, बुडबुडे काढत होतं.

शालिकराम ते बराच वेळ बघत राहिला. मग धुरेवरून उतरला, आपल्या बैलांच्या मानेवरचं जू काढलं आणि त्यांना बांधाच्या सावलीत बांधून कडबा टाकला.